तीन दिवसांची मुदत

औषधांच्या दुकानात सहज मिळणाऱ्या गोळ्यांपैकी जिच्याविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत, अशी एक गोळी म्हणजे तातडीच्या गर्भनिरोधाची गोळी. भारतात २००५ पासून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकली जाते. २००७ साली ‘आय-पिल’ बाजारात आली आणि तिचे नाव घरोघरी पोहोचले. माहिती मात्र पोहोचली नाही. भोरच्या बाजारपेठेतील आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यातील सुशिक्षित व्यापारी घरांतूनदेखील हिला ‘पाडण्याची गोळी’ म्हटलेले मी ऐकले आहे. आपल्या समाजात हा केवळ शब्दाचा प्रश्न राहत नाही. ही जीवहिंसा तर नव्हे, या शंकेने एखादी सून दोन दिवस घालवते, आणि तिसऱ्या दिवशी गोळीचा उपयोग बराच कमी झालेला असतो.

म्हणून आधी तिचे कार्य समजून घेऊ. या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचे संप्रेरक १.५ मिलिग्रॅम असते. बीजांडकोशातून स्त्रीबीज बाहेर पडण्याची क्रिया ते रोखते किंवा काही दिवस पुढे ढकलते. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात सुमारे पाच दिवस तग धरू शकतात, स्त्रीबीज जेमतेम एक दिवस. बीज बाहेर येण्यास विलंब झाला की तोवर शुक्राणू निकामी होतात आणि दोहोंचा संयोगच घडत नाही. गर्भ एकदा रुजला की ही गोळी त्याला धक्का लावू शकत नाही.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे ‘स्टॉप पेमेंट’ आहे. धनादेश वटण्यापूर्वी सूचना पोहोचली तर ती उपयोगी. वटल्यानंतर कितीही विनवण्या केल्या तरी रक्कम परत येत नाही. गर्भपाताच्या गोळ्या, म्हणजे मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल, या सर्वस्वी निराळ्या. त्या १९७१ च्या कायद्याच्या चौकटीत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाच्या असतात. दोन्हींना एकाच नावाने ओळखणे धोक्याचे आहे.

आता वेळेविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संबंधानंतर २४ तासांच्या आत औषध घेतलेल्या स्त्रियांमध्ये अपेक्षित गर्भधारणांपैकी ९५ टक्के टळल्या. २५ ते ४८ तासांत हे प्रमाण ८५ टक्के होते आणि ४९ ते ७२ तासांत ५८ टक्के. पुढील अभ्यासांत आकडे थोडेफार बदलले, पण जितके लवकर तितके बरे, हा सल्ला कायम राहिला. वेष्टनावर ७२ तास लिहिलेले असतात. व्यापाऱ्याला हे सांगायला नको की शेवटची तारीख म्हणजे भरण्याची योग्य तारीख नव्हे.

डोंगराळ भागात हे तास भराभर सरतात. शनिवारी रात्री निरोध फाटला. रविवारी दवाखान्याचा बाह्यरुग्ण विभाग बंद. घाटमाथ्याकडच्या वाडीतून तालुक्याला यायचे तर एस.टी.ची वेळ पाहावी लागते. सोमवारी दुपारपर्यंत चाळीस तास उलटून जातात. भोरमध्ये दुकान हाकेच्या अंतरावर असते, पण दुकानदार नात्यातला किंवा ओळखीचा. मग केवळ संकोचापायी स्वारगेट गाठले जाते. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याला शतक लोटले, तरी आपण हे औषध अजून कागदात गुंडाळूनच मागतो. आपल्यापैकी ज्यांची औषधांची दुकाने आहेत, त्यांनी चौकशा न करता गोळी हाती दिली तरी मोठे काम होईल. आशाताईंकडेही सरकारी गोळी मिळू शकते.

तीन दिवस उलटले तरी एक मार्ग उरतो: तांबी. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत प्रशिक्षित डॉक्टरांनी ती बसवली तर ९९ टक्क्यांहून अधिक खात्री असते, आणि पुढे काही वर्षे चिंताही मिटते. मात्र तांबीचा परिणाम मुख्यतः शुक्राणूंवर होत असला, तरी फलित बीज रुजण्यालाही ती अटकाव करू शकते. ज्यांना हा भेद महत्त्वाचा वाटतो, त्यांनी तो जाणून निर्णय घ्यावा. निर्णय मात्र त्या स्त्रीचा.

काही गोष्टी घरात माहीत असाव्यात. गोळी घेतल्यापासून दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. क्षयावरील रिफाम्पिसिन आणि फेफऱ्यावरील काही औषधांमुळे तिचा गुण घटतो. तेव्हा डॉक्टरांना विचारावे. अंगावर पाजणाऱ्या मातेलाही ती चालते. पुढील संबंधांना तिचे संरक्षण मिळत नाही, म्हणून दर महिन्याचा उपाय म्हणून तिच्यावर विसंबू नये. मळमळ, डोके दुखणे, पाळी थोडी पुढेमागे होणे हे अपेक्षितच. पण पाळी एक आठवड्याहून अधिक लांबली तर मूत्रतपासणी करून घ्यावी, आणि पोटात एका बाजूला तीव्र दुखू लागले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.