दुःखाचा जाब न विचारणारा आनंद

शनिशिंगणापूरच्या उघड्या चौथऱ्यावर तेल वाहायला येणाऱ्यांत साडेसातीने गांजलेले लोक पुष्कळ असतात. दुःख आलं की माणूस आधी विचारतो, माझं काय चुकलं? शनीला न्यायदेवता मानणाऱ्या श्रद्धेत या प्रश्नाला उत्तर आहे, आणि साडेसाती कधीतरी सरते हा दिलासाही आहे. शिंगणापूर ज्या नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात आहे, तिथेच वडाळ्याला एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं झालं आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत एक वेगळी गोष्ट पोहोचली. योहानाच्या शुभवर्तमानात एका जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू सांगतो, कोणाचंच नाही. आपलं हीनपण पूर्वकर्माचं फळ आहे असं पिढ्यानपिढ्या ज्यांच्या कानी घातलं गेलं, त्यांना हे ऐकून केवढं मोकळं वाटलं असेल! ख्रिस्ती श्रद्धेतल्या आनंदाचं मूळ मला इथे दिसतं. दुःख गोड नसतंच. पण ते शिक्षा नाही आणि क्रूसावर मरण सोसलेला प्रभू त्यात सोबतीला आहे, एवढं पटलं तरी मनावरचं निम्मं ओझं उतरतं.

या आनंदाचा सर्वांत सच्चा पुरावा नगरच्याच एका घरात सापडतो. कवी नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात उधळला. नवरा जिवंत, पण जातीबाहेर. हा विरह जवळजवळ पाच वर्षं चालला. पुढे त्या नगरला टिळकांकडे आल्या. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तोही जातिभेदाशी मनातल्या मनात पुरतं भांडून झाल्यावर. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात अपत्यवियोग आहे, दारिद्र्य आहे, वडिलांच्या कडकडीत सोवळ्याचा जाच आहे; तरी वाचणारा पानोपानी हसतो. हे हसू दुःख लपवण्यासाठी नाही. त्या रडल्या तेही त्यांनी तितक्याच सरळपणे लिहिलं आहे. बालकवींसारखा हळवा कवी ज्या घरात मुलासारखा राहिला, त्या घराचा आनंद दुसऱ्याला दार उघडण्यातून आला होता.

यावर आक्षेप येतो, की अशी श्रद्धा माणसाला निमूट सोसायला शिकवते. कधीकधी तसं होतं, हे कबूल करायला हवं. ‘देवाची इच्छा’ म्हणून रडणाऱ्याला गप्प बसवणारे उपदेशक सगळ्याच धर्मांत आहेत. पण बायबल तसं गप्प बसवत नाही. स्तोत्रांत देवालाच जाब विचारणारे विलाप आहेत, आणि लाजरच्या कबरीपाशी येशू स्वतः रडतो. पूर्वीच्या एका दुष्काळात आई-वडील आणि बहीण गमावलेल्या आणि पुढे ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाई १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन परतल्या. केडगावचा मुक्तिसदन हा आश्रम त्यातून वाढला. आपल्या दुःखाची कारणं उगाळत बसण्यात त्यांचा जन्म गेला नाही.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. ही शिकवण बाहेरून आली, पण इथला आनंद परका राहिला नाही. टिळक स्वतः सांगत, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. दुष्काळात बायको आणि मुलगा गमावलेल्या तुकोबांची वाणी ज्याच्या कानात होती, त्याला क्रूसाजवळचा आनंद समजावून सांगावा लागला नाही. म्हणून टिळकांची भजनं अभंग-ओवीच्या चालीने चर्चमध्ये रुजली. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरचं महाकाव्य जेमतेम अकरा अध्यायांवर थांबलं होतं. ज्यांना शाळा अशी मिळालीच नव्हती, त्या लक्ष्मीबाई ते पुढे लिहायला बसल्या आणि त्यांनी चौसष्ट अध्याय लिहिले.