चिनी बोलता येते की नाही, हे आपले आपण कसे ओळखावे?

चायनीज म्हटले की आपल्या वस्तीत आधी नाक्यावरची गाडी आणि चायनीज भेळ आठवते. पण आता आपल्या घरांतील मुलेमुली ही भाषा शिकायला जाऊ लागली आहेत. कुणाला कारखान्यातील यंत्रावरची चिनी सूचना वाचायची असते, कुणाला दुभाष्याचे काम हवे असते. ज्या भाषेत बुद्धवचन शेकडो वर्षे जपले गेले ती आपल्या कानाने ऐकावी, अशी काहींची ओढ असते. आईबाप पोटाला चिमटा घेऊन फी भरतात. सहा महिन्यांनी बाप विचारतो, "काय रे, येतं का आता बोलायला?" आणि मुलाला धड हो म्हणता येत नाही, धड नाही म्हणता येत नाही.

हा प्रश्न साधा नाही. वाचायला किती येते हे चटकन मोजता येते. पुण्याचे पालीचे प्राध्यापक पु. वि. बापट यांनी चिनी शिकून 'विमुत्तिमग्ग' या ग्रंथाचे चिनी रूप अभ्यासले आणि 'विसुद्धिमग्गा'शी त्याची तुलना १९३७ साली प्रसिद्ध केली. ते ग्रंथाचे काम होते, पान समोर होते. बोलण्याचे तसे नाही. शब्द तोंडातून निघाला की हवेत विरतो, आणि बोलणाऱ्याला तो नेहमी बरोबरच वाटतो.

मग क्लासचे सर्टिफिकेट पाहावे काय? आमच्या माहितीतील एका मुलाला तीन महिन्यांच्या क्लासनंतर 'अस्खलित' असा शेरा मिळाला होता. पहिल्याच मुलाखतीत समोरच्या चिनी माणसाने त्याला नाव विचारले, त्याने सांगितले. गाव विचारले, तेही सांगितले. पुढे "इथपर्यंत कसा आलास?" एवढे विचारल्यावर तो गप्प झाला. तो प्रश्न पुस्तकात नव्हता. सरकारमान्य एचएसके परीक्षेचेही एक लक्षात ठेवावे. २०१० साली तिची सहा पायऱ्यांची रचना झाली, त्या रचनेत चौथ्या पायरीला बाराशे शब्द यावे लागत, पण त्या पेपरात ऐकणे, वाचणे आणि लिहिणे एवढेच असे. बोलण्याची परीक्षा वेगळी ठेवलेली होती, तिच्या तीन पायऱ्या. म्हणजे त्या रचनेत चौथी पायरी पार केलेल्या मुलाने एकदाही तोंड उघडलेले नसेल, असे होऊ शकत होते!

आमच्या शेजारच्या इमारतीत एक मुलगी आहे. तिची आई पालिकेच्या सफाई खात्यात कामाला. मुलीने ठरवले की रोज रात्री आईसमोर दोन मिनिटे चिनीत बोलायचे, विषय एकच, आज दिवसभरात काय झाले. आई शेंगा सोलत बसलेली. पहिल्या रात्री मुलीचे बोलून झाल्यावर आईने तळहात पुढे केला. त्यात एकोणीस दाणे.

"हे काय गं आई?"

"तू काय बोललीस ते मला काय कळणार? पण जिथं अडलीस तिथं एक दाणा बाजूला ठेवला. आणि ते सारखं माय माय काय म्हणत होतीस?"

"अगं, एक माय म्हणजे विकत घेणं आणि दुसरं माय म्हणजे विकणं."

"मला तर दोन्ही एकच ऐकू आले बाई."

या बाईंना चिनीचे एक अक्षर येत नाही, पण त्यांनी मुलीचा खरा दोष धरला. चिनीत सूर बदलला की अर्थ बदलतो. मुख्य सूर चार आहेत. एक उंच आणि सपाट, एक आपण "काय?" विचारतो तसा चढणारा, एक खाली दबणारा आणि एक रागाने "नाही!" म्हणावे तसा झटक्याने उतरणारा. विकत घेण्याचे 'माय' दबते, विकण्याचे 'माय' उतरते. मुलीच्या शिक्षकांना मागच्यापुढच्या वाक्यावरून अर्थ कळत होता, म्हणून त्यांनी कधी हटकले नाही. शिक्षकाला आपल्या बोलण्याची सवय झालेली असते. वर्गातील सोबत्यांना तर आपले मराठी वळणाचे चिनी छानच कळते, कारण तेही तसेच बोलतात. म्हणून या दोघांची साक्ष धरू नये.

मोबाईल प्रत्येक घरात आहे. त्यावर आपले बोलणे टेप करावे आणि लगेच ऐकू नये. आठ दिवसांनी ऐकावे, म्हणजे परक्याचे बोलणे ऐकल्यासारखे दोष कळतात. मोबाईलला तोंडी सांगून चिनी अक्षरे उमटवण्याचीही सोय असते. मात्र पूर्ण वाक्य सांगितले तर यंत्र अंदाजाने चुकीचा सूर सांभाळून घेते आणि आपण उगाच खूश होतो. सुटा शब्द सांगून पाहावा, तिथे लबाडी चालत नाही.

दाणे कमी झाले म्हणजे भाषा आली, असेही नाही. पाठ केलेला धडा म्हणणारा कुठेच अडत नाही. म्हणून स्वतःला विचारावे, मी माझे वाक्य मनाने जुळवून दुसऱ्याला प्रश्न विचारू शकतो का? काल घडलेली गोष्ट क्रमाने सांगू शकतो का? त्याच्याही पुढे, मला अमुक पटत नाही, का पटत नाही, हे सांगता येते का? आणि शब्द आठवला नाही तर गप्प न बसता वळसा घालून अर्थ पोचवता येतो का? आमच्या मते शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा. चिनी माणूस "वा, तुमचे चिनी फार छान!" म्हणाला तर त्याचे आभार मानावेत आणि विसरून जावे. कुणी परदेशी पाहुणा "नमस्कार" म्हणाला तरी आपण त्याचे असेच कौतुक करतो. तो माणूस कौतुक थांबवून आपल्याशी भाजीच्या भावाबद्दल कुरकुर करू लागला, की समजावे.

आता दुसरी बाजू. आपली काही मुले स्वतःला फार कमी लेखतात. 'आणि'चे 'आनी', 'पाणी'चे 'पानी' झाले म्हणून शाळेत ज्यांना हसले गेले, ती मुले नवी भाषा बोलायलाही भितात. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, पर्शियन घ्यावे लागले. पुढे ते संस्कृत स्वतः शिकले. चिनीच्या वर्गात तर पेठेतला मुलगा आणि वस्तीतला मुलगा दोघेही शून्यापासून सुरुवात करतात. उलट मराठी तोंडाला एक सोय आहे. आपल्याकडे 'चाक'मधला च वेगळा आणि 'चहा'मधला वेगळा. हा 'चाक'चा च चिनीत लागतो. 'प' आणि 'फ', 'त' आणि 'थ' यांतील हवेचा फरकही आपल्याला जन्मापासून येतो. ज्या राजधानीला आपण बीजिंग म्हणतो तिचा चिनी उच्चार 'पेइ-चिंग'च्या जवळ जातो.

दुरुस्ती करून घेण्यात कमीपणा नाही. थोर अनुवादक भिक्खू कुमारजीव इ.स. ४०१ मध्ये चांगआनला आले. त्याआधी सुमारे सतरा वर्षे चिनी प्रदेशात अडकून पडलेले असताना ते चिनी शिकले होते. तरीही ते भिक्खूंच्या सभेत अर्थ तोंडी सांगत आणि चिनी शिष्यांचे ऐकत. परंपरा सांगते की सद्धर्मपुंडरीकातील एक वाक्य जुन्या अनुवादात त्यांना ओबडधोबड वाटले, तेव्हा शिष्य सेंगरुई याने सुचवलेली शब्दयोजना त्यांनी आनंदाने घेतली.

ती शेजारची मुलगी गेल्या हिवाळ्यात अजिंठ्याला गेली होती. तिथे तैवानहून आलेल्या एका वृद्ध उपासिकेशी ती वीस मिनिटे बोलली. उपासिकेने विचारले, "तू बौद्ध कशी? भारतात तर आता बौद्ध फार नाहीत ना?" मुलीने १९५६ साल सांगितले, नागपूर सांगितले. बाबासाहेबांचे नाव चिनी वळणाने 'आन-पेइ-त-खा-अर' असे घेतले, तरी त्या बाईंना कळले नाही. मग तिने राज्यघटना, 'श्येन-फा', हा शब्द घेऊन सांगितले, की ज्यांनी ती लिहिली ते. 'अस्पृश्यता' तिला चिनीत येत नव्हते. ती म्हणाली, "आमच्या आजोबांनी विहिरीला हात लावला तर लोक त्यांना मारायचे." उपासिका थांबल्या. त्यांनी मुलीचा हात हातात घेतला आणि पुढचा प्रश्न विचारला, "मग तुम्ही पाणी कुठून आणायचा?"

घरी आल्यावर मुलगी आम्हाला म्हणाली, "काका, मला काहीच येत नाही. पाच शब्द अडले." तिने वहीत ते पाचही लिहून ठेवले होते. पहिला शब्द होता, विहीर. तो तिला हातवारे करून सांगावा लागला होता.