गंजलेले नट, उलटे आटे

बुलढाणा जिल्ह्यातल्या घाटाखालच्या एखाद्या मुरलेल्या मिस्त्रीकडे उंच बॉनेटची जुनी जीप आली, की तो आधी खाली वाकून नट बघतो. इंजिनाचे काम त्याला ठाऊक असते. किती दिवस लागतील आणि खर्च किती येईल, हे मात्र गंजलेला नटबोल्टच ठरवतो. जुनी गाडी वाचवणे म्हणजे निम्म्याहून अधिक तिचे नट न मोडता सोडवणे, असे माझे ठाम मत आहे. ही एक स्वतंत्र कारागिरी आहे आणि तिला तसा मान मिळायला हवा.

ही जीप मूळची अमेरिकेतल्या विलिस कंपनीची, सीजे-3बी. 'हरिकेन' इंजिन जुन्या इंजिनापेक्षा उंच होते. ते मावावे म्हणून 1953 मध्ये बॉनेट वर उचलले गेले आणि तिला हा चेहरा मिळाला. अमेरिकेत तिचे उत्पादन 1968 मध्ये थांबले. आपल्याकडे महिंद्रा कंपनी त्यानंतरही ती बनवत राहिली. सरकारी खात्यांच्या लिलावातून सुटलेल्या अशा जीप शेतकऱ्यांच्या आणि ठेकेदारांच्या दारात आल्या.

बुलढाणा जिल्ह्यात लोखंडाला दोन वैरी आहेत. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूला पूर्णेचा खारपाणपट्टा आहे. तिथल्या बोअरच्या खाऱ्या पाण्याने गाडी धुतली, की क्षार सांध्यांत बसतात आणि गंज वेगाने चढतो. दुसरी वैरीण काळी माती. ती चेसिसच्या कोपऱ्यात, बॉडीच्या बोल्टाभोवती थापली जाते आणि पाऊस थांबल्यावरही ओल धरून राहते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. ती जागा आट्यांमध्ये नसते, म्हणून नट आणि बोल्ट एकमेकांत आवळले जातात. नुसता जोर लावला तर नट सुटण्याआधी बोल्टच तुटतो.

त्यात मापांचा घोळ. ही गाडी इंचांची. अर्ध्या इंचाचा पाना लागणारा नट 12.7 मिलिमीटरचा असतो. आजच्या संचातला 13 चा पाना त्यावर बसतो खरा, पण जरा सैल. जाम नटावर तो घसरला की कोपरे झिजून नट गोल होतो, आणि मग छन्नीशिवाय इलाज उरत नाही. म्हणून जुन्या जीपला हात लावायचा तर इंचाचे रिंग पाने हवेतच. दुसरा सापळा चाकांचा. डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड उलट्या आट्यांचे असतात, फिरत्या चाकाबरोबर नट सैल पडू नये म्हणून. ही गोष्ट माहीत नसलेला माणूस पान्याला लांब पाइप लावतो, सोडवायच्या नादात नट आवळत जातो आणि स्टड तोडून बसतो.

पण सगळ्यात कठीण बोल्ट दिसतच नाही. हरिकेन इंजिनात हवा आत नेणारा मार्ग हेडमध्येच ओतलेला आहे आणि कार्बुरेटर थेट हेडवर बसतो. हेडचा एक बोल्ट त्या कार्बुरेटरच्या खाली, हवेच्या त्या वाटेतच आहे. वरून दिसणारे सगळे बोल्ट काढले तरी हेड उठत नाही. अनुभव नसलेला माणूस गॅस्केट चिकटले असे समजून फटीत छन्नी ठोकतो. ओतीव लोखंड वाकत नाही, ते तडकते. जाणता मिस्त्री आधी कार्बुरेटर उतरवतो, आत बत्ती मारतो, साचलेली काजळी खरवडतो आणि लांब सॉकेट सरळ खाली सोडतो. हा बोल्ट माहीत असणे आणि नसणे, यात एक हेड वाचते किंवा जाते.

दिसणाऱ्या नटांना मात्र वेळ द्यावा लागतो. तारेच्या ब्रशने आटे साफ करायचे, गंज सोडवणारे तेल मारायचे, रात्रभर मुरू द्यायचे, सकाळी पुन्हा मारायचे. बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे हलके, नेमके ठोके दिले की गंजाची पकड मोडते आणि तेलाला आत वाट मिळते. मग आधी किंचित आवळायचा, नंतर सोडवायचा, असे पुढेमागे करत नट बाहेर आणायचा. एवढ्यानेही ऐकला नाही तर गॅसची ज्योत. ताप नटाला द्यायचा, बोल्टाला नाही. नट फुगला की पकड सैल होते, आणि कोमट होत असताना टेकवलेले मेण वितळून आट्यांत शिरते. मात्र या जीपची पेट्रोल टाकी चालकाच्या सीटखाली असते. ती उतरवून बाजूला नेल्याशिवाय तिथे ज्योत पेटवणे म्हणजे जिवाशी खेळ. स्प्रिंगच्या पाट्यांच्या जवळही आग नको, त्यांचे पाणी उतरते. तिथला यू-बोल्ट सरळ कापून नवा घालावा.

तुटलेल्या स्टडसाठी माझी पसंती वेल्डिंगला. स्टडच्या टोकावर नवा नट ठेवून तो आतून वेल्ड करायचा. वेल्डिंगचा ताप गंज सैल करतो आणि पाना धरायला जागाही मिळते. तुटका स्टड काढायला बाजारात मिळणाऱ्या 'इझी आउट'चे लोखंड फार कडक. ते आत तुटले तर साध्या ड्रिलला दाद देत नाही, आणि सोपे काम लेथवाल्याकडे जाते.

ही मेहनत आता कागदावरही मोलाची ठरली आहे. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षे. रोजच्या वापराला ती चालत नाही. प्रदर्शन, रॅली अशा निमित्तानेच रस्त्यावर आणता येते. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदलही चालत नाही. जाम बोल्टाला कंटाळून मूळ पेट्रोल इंजिन भंगारात टाकले आणि डिझेल बसवले, तर ती संधी गेली.

तुमच्या वाड्यात किंवा गोठ्याशेजारी अशी जीप उभी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी इंजिनाचा आणि चेसिसचा क्रमांक आरसी बुकाशी ताडून बघा. तोवर आठवडाभर रोज संध्याकाळी तिच्या नटांना तेल द्या, आणि इंचाचे पाने बाळगणारा मिस्त्री गाठा.