बाणाची हद्द

सोलापूरजवळच्या कुंभारीसारख्या गांवांचा मुलूख कमी पावसाचा व उघड्या माळांचा. अशा माळावर काळवीट दुरून दिसतो. पण त्यालाही माणूस तितक्याच दुरून दिसतो. म्हणूनच धनुर्धाऱ्यास लांबून बाण सोडण्याचा मोह होतो. तो घातक कां, हें साध्या गणितानें उमजतें.

ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. वेगवान बाण सुमारें ८०. चाळीस मीटरांवर दोरीचा टणत्कार ०.१२ सेकंदांत हरणाच्या कानीं पडतो आणि बाण ०.५० सेकंदांनीं पोंचतो. मधल्या अवधींत दचकलेलें जनावर दबतें, वळतें. काळजावरचा नेम पोटांत बसतो व तें तासन्‌तास तडफडतें. वीस मीटरांवर हा अवधि निम्माच राहतो.

यासाठीं, जेथें अशी शिकार कायदेशीर आहे त्या अमेरिकेसारख्या देशांत, जाणता शिकारी एखाद्या उत्तम नेमावरून आपलें अंतर ठरवीत नाहीं. थकल्या हातानें व वाऱ्यांतही प्रत्येक बाण जेथवर हमखास लागतो, तीच त्याची हद्द.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें काळविटाची शिकार हा गुन्हा आहे. येथें त्याच्यासाठीं योग्य असें बाणाचें अंतर एकही नाहीं. धनुर्धाऱ्यानें आपला हात फळीवरच अजमावावा.