पोटोसी : रुप्याच्या डोंगराखालचे गाव

‘रुपया’ हा शब्द आपण दिवसातून कितीतरी वेळा उच्चारतो. त्याच्या पोटात ‘रूप्य’ म्हणजे चांदी आहे, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे शब्द उकलून पाहण्याची मला खोड आहे. या शब्दाचा माग काढताना एक प्रश्न पडतो. आपल्या देशात गरजेपुरती चांदी कधीच निघत नव्हती. मग मोगल काळात एवढे चांदीचे रुपये पाडले गेले ते कशातून? या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग दक्षिण अमेरिकेतल्या एका गावात सापडतो. त्याचे नाव पोटोसी.

पोटोसी बोलिव्हिया देशात आहे. या देशाला समुद्रकिनारा नाही. पश्चिमेकडे अँडीज पर्वताच्या रांगा आहेत. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच. पोटोसी त्याच्या जवळजवळ अडीचपट, म्हणजे समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरपेक्षाही उंच आहे. हवा विरळ, थंडी बोचरी, झाडे जवळजवळ नाहीतच. अशा उंचीवर तग धरतो तो बटाटा. आपल्या उपवासाला चालणारा हा बटाटा मूळचा याच अँडीजमधला. तिथले लोक तो रात्रीच्या हिमात गोठवतात, पायांनी तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. असा वाळवलेला बटाटा वर्षानुवर्षे टिकतो.

अशा जागी शहर वसण्याचे कारण एकच. गावाच्या डोक्यावर सुमारे ४,८०० मीटर उंचीचा, तांबूस रंगाचा, शंकूच्या आकाराचा एक डोंगर उभा आहे. स्पॅनिश भाषेत त्याला ‘सेर्रो रिको’ म्हणतात, म्हणजे श्रीमंत डोंगर. दंतकथा अशी की, १५४५ साली दिएगो वाल्पा नावाच्या स्थानिक माणसाने रात्री थंडीत शेकोटी पेटवली आणि सकाळी पाहतो तो निखाऱ्यांखालून चांदी वितळून ओघळलेली. कथा खरी असो वा नसो, त्या वर्षी स्पॅनिशांना चांदीची खबर लागली आणि पाहता पाहता उजाड माळावर शहर उभे राहिले. १६११ च्या सुमारास तिथली लोकसंख्या दीड लाखाच्या वर गेली होती. त्या काळी युरोपातली फार थोडी शहरे एवढी मोठी होती.

सुरुवातीला चांदी गाळण्याची विद्या स्थानिकांच्याच हाती होती. डोंगरउतारावर ते मातीच्या छोट्या भट्ट्या लावत आणि वाऱ्यालाच भाता करत. पण उत्तम प्रतीचा दगड संपत आला, तसा हा उपाय तोकडा पडू लागला. १५७२ साली फ्रान्सिस्को दे तोलेदो हा स्पॅनिश व्हाइसरॉय पोटोसीला आला आणि त्याने दोन गोष्टी केल्या.

पहिली पाऱ्याची. खनिजाचा भुगा करायचा, त्यात मीठ, पाणी आणि पारा घालून कालवायचे. चांदी पाऱ्याला चिकटते. मग ते मिश्रण तापवले की पारा उडून जातो आणि चांदी उरते. पारा पेरूमधल्या वान्काव्हेलिकाच्या खाणीतून येई. दगड फोडणाऱ्या गिरण्या पाण्यावर चालत. त्यासाठी शहराच्या वरच्या अंगाला धरणे बांधून तलावांची साखळी केली होती. त्यांपैकी एक धरण १६२६ साली फुटले आणि गिरण्यांसह शहराचा मोठा भाग वाहून गेला.

दुसरी गोष्ट माणसांची. स्थानिक क्वेचुआ भाषेत ‘मिता’ म्हणजे पाळी. इंका राजांच्या काळी प्रत्येक गाव पाळीपाळीने रस्ते, शेते, कालवे यांचे काम करी. तोलेदोने शब्द तोच ठेवला आणि पाळीची वेठबिगार केली. सोळा प्रांतांतल्या धडधाकट पुरुषांपैकी साधारण सातवा हिस्सा, म्हणजे वर्षाला तेरा हजारांहून अधिक माणसे, पोटोसीला पाठवली जात. बायकामुले, लामा आणि शिधा घेऊन ती शेकडो मैल चालत येत. कोणी दरडीखाली गेले, कोणी खाणीतल्या धुळीने, कोणी पाऱ्याच्या वाफेने. वेठ चुकवण्यासाठी लोक गाव सोडून पळू लागले आणि गावे ओस पडली. १८१२ साली स्पेनच्या संसदेने मिता रद्द केली, तोवर तिला सुमारे २४० वर्षे झाली होती.

इथे मला एक गोष्ट बोचते. चांदीचा पाचवा हिस्सा राजाचा असल्यामुळे डोंगरातून निघालेल्या चांदीची नोंद दफ्तरात होई. घरी न परतलेल्या माणसांचा तसा चोख हिशेब मात्र सापडत नाही.

पोटोसीच्या टांकसाळीत पडलेली नाणी जगभर फिरली. काही चांदी मेक्सिकोमार्गे मनिलाला आणि तिथून चीनला गेली. काही स्पेनमार्गे युरोपात शिरली आणि कापड, नीळ, मसाल्यांच्या मोबदल्यात सुरतेला उतरली. मक्केच्या यात्रेची गलबते सुटत ती याच सुरतेहून. तांबड्या समुद्राकाठच्या मोखा, जिद्दा या बंदरांतूनही चांदी इकडे येई. सुरतेच्या टांकसाळीत ती वितळवून रुपये पाडले जात. १६६४ साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा हाती आलेल्या खजिन्यात पोटोसीचे रुपेही असणार, असा तर्क करायला हरकत नाही.

चांदी ओसरली, तशी शहराची रयाही गेली. पुढे कथील निघाले. १९८५ मध्ये त्याचाही भाव कोसळला. आज पोटोसीत सुमारे दोन लाख लोक राहतात. अठराव्या शतकातली भव्य टांकसाळ आता संग्रहालय आहे. तिथल्या एका जुन्या चित्रात मेरीचा झगा म्हणजे साक्षात तो डोंगर आहे. सान लोरेन्सोच्या चर्चच्या दारावर स्थानिक कारागिरांनी सूर्य, चंद्र आणि तंतुवाद्य वाजवणाऱ्या जलपऱ्या कोरल्या आहेत. ज्यांना बोलू दिले नाही, ते दगडातून बोलले.

डोंगर अजून खणला जातो आहे. सहकारी संस्थांचे हजारो खाणकामगार गालात कोकाची पाने धरून आत उतरतात. आत ‘तिओ’ म्हणजे काका नावाचा शिंगे असलेला पाताळाचा धनी मातीच्या रूपात बसलेला असतो. त्याला पाने, सिगारेट आणि दारू वाहून कामाला सुरुवात होते. धुळीने फुप्फुसे निकामी होतात, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. शेकडो वर्षे पोखरल्यामुळे डोंगराचा माथाही खचू लागला आहे; २०११ मध्ये तिथे मोठे भगदाड पडले. १९८७ पासून जागतिक वारसा असलेले हे शहर युनेस्कोने २०१४ साली धोक्यातल्या स्थळांच्या यादीत घातले. डोंगर वाचवायचा तर वरच्या खाणी बंद करायला हव्यात. पण त्या बंद केल्या तर चूल कशी पेटायची, हा कामगारांचा प्रश्न आहे, आणि तो खोटा नाही.

बोलिव्हियाच्या राजचिन्हावर हाच डोंगर आहे, आणि तिथे तो अखंड दिसतो. खऱ्या डोंगराची जखम चित्रात येत नाही. ‘अगदी मौल्यवान’ या अर्थी स्पॅनिश लोक आजही ‘एक पोटोसी किमतीचे’ असे म्हणतात. ती किंमत कोणी मोजली, हे त्या वाक्प्रचारात नाही. ते आपण लक्षात ठेवायला हवे, कारण त्यातला थोडासा वाटा आपल्या ‘रुपया’ या शब्दातही मिसळलेला आहे.