शेठ माणिकचंद : मोत्यांचे व्यापारी, मुलीचे पिता

आपल्या समाजात ‘दानवीर’ हा शब्द उच्चारताच ज्यांचे नाव ज्येष्ठांच्या ओठांवर येते, ते मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी. १८५१ मध्ये सुरत येथे जन्मलेले शेठजी १६ जुलै १९१४ रोजी दिवंगत झाले. त्यास शंभराहून अधिक वर्षे लोटली. त्यांच्या दानधर्माची उजळणी आपण वेळोवेळी करतो; पिता म्हणून त्यांनी जे केले त्याची आठवण मात्र क्वचितच निघते. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण आणि सर्वांत मोठे कार्य तेच होय.

शेठजींचे घराणे सुरतेहून मुंबईस आले तेव्हा ते श्रीमंत नव्हते. मोती पारखणे, विंधणे, ओवणे ही कामे भावंडांनी हाताने केली आणि त्यातूनच ‘माणिकचंद पानाचंद’ ही पेढी उभी राहिली. तिचा माल पुढे युरोपच्या बाजारपेठेत जाऊ लागला. मोत्यांच्या व्यापारात लेखी करारापेक्षा शब्दाला अधिक किंमत असे. तो शब्द शेठजींनी जपला आणि मिळालेले धन समाजाकडे वळविले. १९०० मध्ये मुंबईत वडिलांच्या नावे हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग सुरू झाले. सी. पी. टँकजवळची हिराबाग धर्मशाळा ही त्यांचीच देणगी. कोल्हापूरच्या दिगंबर जैन बोर्डिंगला त्यांचे मोठे साह्य लाभले; कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत याच बोर्डिंगमध्ये राहिले होते. १९०२ मध्ये स्थापन झालेल्या भारतवर्षीय दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटीमागेही शेठजींचीच प्रेरणा होती. भूम तालुक्यातील आपले कुंथलगिरी सिद्धक्षेत्र ज्यांना घरासारखे वाटते, त्या धाराशिवकरांना तीर्थरक्षणाच्या या कार्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

अशा वैभवाच्या घरावर आघात झाला तो कन्येच्या रूपाने. १८७९ मध्ये जन्मलेल्या मगनबाईंचा विवाह त्या काळच्या रीतीप्रमाणे बालवयातच झाला होता. वयाची विशी गाठण्यापूर्वीच त्यांना वैधव्य आले. पदरी एक लहान मुलगी होती. त्या काळी अशा स्त्रीसाठी घराचा एक कोपरा राखून ठेवलेला असे. तेथे तिने मौन, उपवास आणि इतरांची सेवा यांत उरलेले आयुष्य काढावे, अशी अपेक्षा असे. श्रीमंत घरांत तर हा कोपरा अधिकच बंदिस्त असे, कारण तेथे प्रतिष्ठेचा पहारा कडक.

शेठजींनी मुलीला त्या कोपऱ्यात बसू दिले नाही. त्यांनी तिच्या हाती पुस्तक दिले. घरी शिक्षणाची व्यवस्था केली. संस्कृत आणि धर्मग्रंथ यांचे अध्ययन सुरू झाले. शेठजी तेवढ्यावर थांबले नाहीत. अधिवेशने, सभा, तीर्थयात्रा येथे ते मुलीला बरोबर नेऊ लागले. विधवा स्त्रीने चार लोकांसमोर उभे राहून बोलावे, हे अनेकांना रुचणारे नव्हते. ज्या समाजाच्या सभांचे आपण अध्यक्षपद भूषवितो, त्याच समाजाच्या भुवया आपल्या घरामुळे उंचावणार, हे त्या अनुभवी व्यापाऱ्यास कळत नव्हते असे नाही.

मगनबाईंनी वडिलांचा विश्वास सार्थ केला. प्रथम अहमदाबादेस आणि मग १९११ पासून मुंबईस त्यांनी श्राविकाश्रम चालविला. ललिताबाई व सोलापूरच्या कंकुबाई या त्यांच्या सहकारी; दोघीही वैधव्याचे दुःख भोगलेल्या. ज्यांना घरात स्थान उरले नव्हते अशा स्त्रिया तेथे शिकल्या आणि शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. समाजाने मगनबाईंना ‘जैन महिलारत्न’ म्हणून गौरविले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. हीच परंपरा आपल्या शेजारच्या सोलापुरात पुढे चालली आणि तेथील श्राविका संस्थेच्या पंडिता सुमतीबाई शहा यांना पद्मश्री लाभली.

हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. बँकेच्या नोकरीत माझी बरीच वर्षे या जिल्ह्यात गेली. मुलीच्या लग्नासाठी मुदत ठेव मोडावयास आलेले अनेक पिते मी पाहिले. तिच्या शिक्षणासाठी ठेव मोडणारे त्या मानाने थोडे. मुलगा दहावी झाला की दुकानाच्या गादीवर बसतो. मुलगी त्याच्याहून हुशार असली तरी जमाखर्चाची वही तिच्यापुढे कोणी उघडीत नाही. आणि वडील गेले की भावांच्या नावे हक्कसोडपत्रावर सही करण्यापुरती तिची आठवण होते. हिंदू उत्तराधिकार कायदा आपणा जैनांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे. हा हक्क तिने घ्यावा की सोडावा, हा तिचा प्रश्न. पण तो तिला समजावून सांगणे, हे पित्याचे कर्तव्य आहे.

आम्ही बँकवाले खर्च आणि भांडवल यांत भेद करतो. खर्च वर्षअखेरीस संपतो, भांडवल पुढच्या वर्षासाठी उरते. लग्नाच्या मांडवावर गेलेली रक्कम आणि मुलीच्या शिक्षणावर गेलेली रक्कम यांतील फरक याहून वेगळा नाही. सुकन्या समृद्धी खात्यातून मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर, किंवा त्याआधीच दहावी झाल्यास, उच्च शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. ही सोय ठाऊक असलेले पालक मला फार थोडे भेटले.

शेठ माणिकचंदांकडे मोत्यांची पारख होती, असे म्हणतात. आपल्या घरात बसलेल्या दुःखी मुलीमध्ये त्यांना शेकडो स्त्रियांची शिक्षिका दिसली, ही पारख अधिक मोलाची. त्यांच्याएवढे धन आपणापैकी फार थोड्यांजवळ असेल. परंतु संध्याकाळी दुकान वाढविल्यावर मुलीला जवळ बसवून, ‘बाळ, पुढे काय शिकायचे आहे?’ असे विचारण्यास धन लागत नाही. या अंकाच्या वाचक पित्यांनी तेवढे तरी करावे, ही विनंती.