क्षयरोग आणि एचआयव्ही : दुहेरी संसर्गाचे आव्हान

क्षयरोगाचे जंतू शरीरात वर्षानुवर्षे सुप्तावस्थेत राहू शकतात. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावली की ते सक्रिय होतात. एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूचे क्षयरोग हे प्रमुख कारण आहे. खरी अडचण निदानाची. अशा रुग्णाच्या थुंकीत जंतू अनेकदा इतके अल्प असतात की सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसतच नाहीत, आणि रोग मात्र बळावत जातो. सीबीनॅट या जनुकीय चाचणीने ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. सुमारे दोन तासांत निदान होते. जंतू रिफॅम्पिसिनला दाद देतात की नाही, हेही कळते.

दोन्ही आजारांवरील औषधे एआरटी केंद्रातच देण्याचे धोरण त्यामुळे महत्त्वाचे ठरते. दुर्बल रुग्णाला दोन रांगांत उभे करणे हा उपचार नव्हेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, देशात २०१५ मध्ये लाख लोकसंख्येमागे वर्षाला २३७ जणांना नव्याने क्षयरोग होत असे. २०२४ मध्ये हे प्रमाण १८७ झाले. घट सुमारे २१ टक्के. राष्ट्रीय उद्दिष्ट मात्र २०२५ पर्यंत ८० टक्के घटीचे होते. कुपोषण हे या रोगाचे मोठे कारण असल्याने निक्षय पोषण योजनेचे मासिक साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये करण्यात आले.